जॉन बॅसिलोनचे शौर्य आणि मरीन-भूदल यांची चढाओढ : श्रेय नेमके कोणाचे?

करवीर_वाचक (कोल्हापूर)

नमस्कार. आमच्या शहरातील एका महाविद्यालयाच्या इतिहास मंडळासमोर दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील ग्वाडलकॅनाल बेटावर झालेल्या लढाईवर बोलण्याचे मी कबूल केले आहे, आणि तयारी करताना एका ठिकाणी गाडी अडली आहे. आपल्या जिल्ह्यात फौजेत कोणीच नाही असे गाव शोधूनही सापडणार नाही. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीच्या तर नावातच फौज आहे. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, हे इथे बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. पण ती हकिगत ऐकताना श्रेय कोणत्या दलाचे, असा वाद कोणी घालत नाही. अमेरिकेच्या बाबतीत मात्र मरीन कोअर (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे दल) आणि भूदल यांचा हा वाद शंभर वर्षे चालू आहे असे दिसते.

मी व्याख्यानाच्या मध्यभागी सार्जंट जॉन बॅसिलोन याला ठेवले आहे. जन्म १९१६ चा, बालपण न्यू जर्सीतील रॅरिटन या गावात गेले. मरीन कोअरमध्ये तो १९४० मध्ये दाखल झाला, परंतु त्याआधी त्याने भूदलात नोकरी केली होती आणि त्यातील काही काळ फिलिपिन्समध्ये काढला होता. त्याचे ‘मनिला जॉन’ हे टोपणनाव तिथूनच आले. २४ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री जपानच्या सेंदाई डिव्हिजनने बेटावरील हेंडरसन विमानतळाच्या दक्षिणेकडून हल्ला चढवला, तेव्हा सातव्या मरीन रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये बॅसिलोनकडे जड मशीनगनच्या दोन सेक्शन होत्या. त्यांपैकी एका सेक्शनमध्ये दोनच माणसे लढण्याच्या स्थितीत उरली. त्याने जादा मशीनगन उचलून तिथे नेली, बिघडलेली दुसरी मशीनगन गोळीबारातच दुरुस्त करून स्वतः चालवली, आणि दारूगोळा संपत आला तेव्हा शत्रूने तोडलेल्या वाटेने जाऊन गोळ्यांचे पट्टे आणले. या कामगिरीबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पुढे १९ फेब्रुवारी १९४५ रोजी, इवो जिमा या जपानी बेटावरील लढाईच्या पहिल्याच दिवशी तो मारला गेला आणि त्याला मरणोत्तर नेव्ही क्रॉस देण्यात आला.

माझी अडचण अशी की, त्याच रात्री त्याच आघाडीवर भूदलाची १६४ वी इन्फन्ट्री रेजिमेंटही लढली, असे वाचनात आले. मरीनांच्या बहुतेक वर्णनांत मात्र तिचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला असतो. हे श्रेय बळकावणे म्हणायचे, की लोकप्रिय इतिहासाचा नेहमीचा आळस? आणि एकाच झेंड्याखाली लढणाऱ्या दोन दलांत इतकी कटुता येण्याचे मूळ कारण काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सुभेदार_निवृत्त (गडहिंग्लज)

मी मराठा पलटणीत बरीच वर्षे मशीनगनवर काढली आहेत, त्यामुळे इतिहासापेक्षा हत्याराबद्दल अधिक खात्रीने लिहू शकतो, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे हत्याराच्या वापरातच आहे.

बॅसिलोनच्या सेक्शनकडे होती ती पाण्याने थंड ठेवायची ब्राउनिंग. नळीभोवती पाण्याचे कवच, त्यात तीन-साडेतीन लिटर पाणी, खाली तिवई, आणि अडीचशे गोळ्यांचा कापडी पट्टा. तिवई आणि पाण्यासह वजन पंचेचाळीस किलोच्या घरात जाते. सततच्या माऱ्यात पाणी उकळून वाफ होते, ते पुन्हा भरले नाही तर नळी निकामी होते. कापडी पट्टा पावसात भिजला की फुगतो आणि मशीनगन अडखळते. त्या रात्री तर मुसळधार पाऊस होता. या मशीनगनची नळी बदलली की ती किती घट्ट बसवायची याचे माप अचूक साधावे लागते. सैल राहिली तर काडतूस फाटते, फार आवळली तर गोळीच सुटत नाही. अंधारात, चिखलात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने हे जमवणारा माणूस एका रात्रीत तयार होत नाही. आपण त्याच्या भूदलातील नोकरीचा उल्लेख केला आहे, तो व्याख्यानात ओझरता सोडू नये. मरीनांचा हा मानबिंदू आधी भूदलाचा शिपाई होता, ही गोष्ट दोन्ही बाजूंचे अभिमानी लोक सोयीस्करपणे विसरतात.

आता १६४ व्या रेजिमेंटविषयी. ही नॉर्थ डकोटा राज्याची नॅशनल गार्ड रेजिमेंट, म्हणजे साधारण आपल्या प्रादेशिक सेनेसारखी व्यवस्था. ती १३ ऑक्टोबरला बेटावर उतरली आणि त्याच रात्री दोन जपानी युद्धनौकांनी विमानतळावर नऊशेहून अधिक मोठे गोळे टाकले; असे तिचे स्वागत झाले. २४ तारखेला लेफ्टनंट कर्नल पुलर यांची मरीन बटालियन एकटीच अशी आघाडी सांभाळत होती, जिथे आधी दोन बटालियन होत्या. हल्ल्याचा जोर वाढल्यावर राखीव असलेली १६४ ची तिसरी बटालियन पुढे पाठवण्यात आली. पाऊस, काळोख आणि चालू गोळीबार यांमधून तिला वाट दाखवली ती नौदलाच्या एका धर्मगुरूने, कारण त्याला तो रस्ता माहीत होता. भूदलाच्या जवानांना स्वतंत्र मोर्चा दिला गेला नाही. जिथे मरीन कमी पडत होते तिथे त्यांना लहान लहान गटांनी खंदकात उतरवले गेले.

रात्री चालू लढाईत दुसऱ्याच्या खंदकात माणसे भरणे हे किती जोखमीचे काम आहे, ते ज्याने केले त्यालाच कळते. समोर कोण, शेजारी कोण, परवलीचा शब्द कोणता, गोळी कोणत्या कोनात सोडायची, काहीच ठाऊक नसते. तरीही आघाडी फुटली नाही. खंदकात श्रेयाचा वाद झाल्याचे माझ्या वाचनात नाही. वाद झाला तो रायफलींवरून. भूदलाकडे आठ गोळ्यांची, आपोआप भरली जाणारी गॅरंड होती, आणि मरीनांकडे दर गोळीला बोल्ट ओढावा लागणारी जुनी स्प्रिंगफील्ड. त्यानंतर बेटावर बऱ्याच गॅरंड रायफलींनी मालक बदलले, आणि ते कागदोपत्री झाले नाही. कोणत्याही पलटणीच्या क्वार्टरमास्टरला हे सांगून पाहा, तो नुसता हसेल.

पुढच्या रात्री जपान्यांनी पुन्हा हल्ला केला, तोवर १६४ ची बटालियन स्वतःच्या मोर्च्यावर होती आणि तिने तो मारा पेलला. मरीन डिव्हिजनचे प्रमुख जनरल व्हँडग्रिफ्ट यांनी त्याबद्दल रेजिमेंटचा लेखी गौरव केला. तेव्हा तिथल्या मरीनांनी श्रेय नाकारले असे म्हणता येणार नाही. ते पुढे कुठेतरी गळाले.

इतिहास_शिक्षिका (राजारामपुरी)

सुभेदार साहेबांनी रात्रीचे चित्र इतके स्पष्ट उभे केले आहे की त्यात मला भर घालायची नाही. ‘पुढे कुठेतरी गळाले’ हे मात्र थोडे उलगडावे असे वाटते, कारण ते अपघाताने गळाले नाही.

मरीन कोअर हे अमेरिकेच्या नौदल खात्याखालचे, पण स्वतंत्र ओळखीचे दल आहे. भूदल असताना जमिनीवर लढणारे दुसरे दल कशाला, हा प्रश्न तिथे पिढ्यानपिढ्या विचारला गेला. भूदल बरखास्त होईल अशी भीती कोणत्याही अमेरिकी सेनापतीला कधी वाटली नसेल. मरीनांना मात्र ती दर युद्धानंतर वाटली. त्यामुळे वर्तमानपत्रात नाव येणे हा त्यांच्या दृष्टीने मिरवण्याचा नव्हे, तर जगण्याचा प्रश्न होता. माझ्या मते या सगळ्या चढाओढीचे मूळ इथे आहे, शौर्याच्या तुलनेत नाही.

जून १९१८ मध्ये फ्रान्समधील बेलो वूडच्या लढाईत मरीनांची ब्रिगेड भूदलाच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये लढत होती. दलांची नावे छापू नयेत असा सेन्सॉरचा दंडक असताना ‘मरीन’ हा शब्द मात्र बातम्यांतून सुटला आणि अमेरिकाभर गाजला. त्याच डिव्हिजनमधील भूदलाच्या ब्रिगेडने १ जुलैला वो हे गाव घेतले, ते कोणाला फारसे कळलेही नाही. त्या वेळचे भूदलातील तरुण अधिकारी दुसऱ्या महायुद्धात जनरल झाले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनातला हा सल गेला नव्हता. १९४२ मध्ये फिलिपिन्समधील बतान आणि कोरेगिडोरच्या सैन्याचा गौरव करताना जनरल मॅकआर्थर यांनी मरीनांना वगळले, ही हकिगत त्या संदर्भात वाचावी.

परंतु खरा स्फोट झाला तो प्रशांत महासागरातील सायपान बेटावर, आणि व्याख्यानात ग्वाडलकॅनालच्या शेजारी सायपान ठेवल्याशिवाय विषय पूर्ण होणार नाही. १५ जून १९४४ रोजी दोन मरीन डिव्हिजन बेटावर उतरल्या आणि मागोमाग भूदलाची २७ वी डिव्हिजन आली. सर्वांवर कमान होती मरीन लेफ्टनंट जनरल हॉलंड स्मिथ यांची. स्वभाव तापट, आणि ‘हाउलिंग मॅड’ हे टोपणनाव त्यांना शोभणारे. २७ वी डिव्हिजन मधल्या दरीत अडकून मागे राहिली, दोन्ही बाजूंच्या मरीन डिव्हिजन पुढे गेल्या आणि आघाडीला बाक आला. २४ जून रोजी हॉलंड स्मिथ यांनी २७ व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल राल्फ स्मिथ यांना चालू लढाईत पदावरून दूर केले. एका मरीन सेनापतीने भूदलाच्या सेनापतीला काढले, ही बातमी वर्तमानपत्रांत पोहोचायला वेळ लागला नाही. पुढे भूदलाने जनरल बकनर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले. हॉलंड स्मिथ यांना तसा अधिकार होता, परंतु वस्तुस्थिती पाहता ती कारवाई समर्थनीय नव्हती, असा त्याचा निष्कर्ष निघाला. भूदलाने नेमलेल्या मंडळाचा हा निष्कर्ष आहे, हे ऐकणाऱ्यांना सांगायला हवे.

दोघांपैकी कोणी भित्रे किंवा मूर्ख होते असे मला वाटत नाही. भूदलाची शिकवण अशी की आधी तोफखान्याने समोरची जागा भाजून काढावी, बगल सांभाळावी, मग पायदळ पुढे न्यावे. मरीनांची शिकवण याच्या उलट : किनाऱ्यापाशी आरमार उभे आहे तोवरच आपल्याला आधार आहे, म्हणून सुरुवातीला जास्त माणसे गेली तरी चालतील, पण बेट लवकर घ्यावे. एकाला दुसऱ्याची पद्धत भेकड वाटते आणि दुसऱ्याला पहिल्याची खाटकाची.

ज्या २७ व्या डिव्हिजनला संथ म्हणून हिणवले गेले, तिच्याच १०५ व्या रेजिमेंटच्या दोन बटालियनवर ७ जुलैच्या पहाटे जपान्यांचा शेवटचा, जीव तोडून केलेला हल्ला आदळला. त्यांतील चारशेहून अधिक माणसे त्या हल्ल्यात मेली. लेफ्टनंट कर्नल विल्यम ओब्रायन आणि सार्जंट थॉमस बेकर यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळाले. कॅप्टन बेन सॅलोमन हे तर दंतवैद्य होते. जखमींच्या तंबूत शत्रू शिरला तेव्हा त्यांनी जखमींना मागे पाठवले आणि स्वतः मशीनगनवर बसून मरेपर्यंत लढले. वैद्यकीय अधिकाऱ्याने शस्त्र चालवल्याचा मुद्दा आडवा आला आणि त्यांचे पदक २००२ मध्ये जाहीर झाले. बॅसिलोन ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी कितीजणांना सॅलोमन ठाऊक असतील?

दर्यावर्दी_कसबा_बावडा

मी नौदलातून निवृत्त झालो आहे. या चर्चेत मरीन आहेत, भूदल आहे, आणि ज्यांच्या जहाजांवरून हे सगळे त्या बेटावर पोहोचले त्यांचा उल्लेख एका धर्मगुरूपुरता आला आहे, त्यामुळे लिहिणे भाग आहे.

मरीनांची सर्वांत जुनी तक्रार भूदलाविरुद्ध नसून नौदलाविरुद्ध आहे. ७ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना ग्वाडलकॅनालवर उतरवले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अ‍ॅडमिरल फ्लेचर यांनी विमानवाहू नौका मागे घेतल्या, आणि ९ तारखेला मालवाहू जहाजेही निम्मा माल पोटात घेऊन निघून गेली. मरीनांना दोन वेळच्या अपुऱ्या जेवणावर आणि जपान्यांकडून हाती लागलेल्या तांदळावर दिवस काढावे लागले. याचा राग त्यांनी नंतर एक खोटे पदक पाडून व्यक्त केला. त्यावर अ‍ॅडमिरलच्या बाहीतला हात एका मरीनच्या ओंजळीत गरम बटाटा टाकतो आहे, आणि खाली ‘जॉर्ज करील’, म्हणजे ‘हे काम दुसरा कोणीतरी करील’, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर आहे. विनोद म्हणून तो उत्तमच आहे.

परंतु ८ आणि ९ ऑगस्टच्या मधल्या रात्री काय घडले, तेही त्याच दमात सांगावे. साव्हो बेटाजवळ जपानी आरमाराने तीन अमेरिकी आणि एक ऑस्ट्रेलियन अशा चार क्रूझर बुडवल्या, एक हजाराहून अधिक नाविक मेले. संरक्षणाला कोणी उरले नसताना मालवाहू जहाजे तिथेच उभी ठेवली असती तर तीही तळाला गेली असती. संपूर्ण मोहिमेत अमेरिकी नौदलाचे मृत्यू पाच हजारांच्या आसपास आहेत. जमिनीवर लढताना मेलेल्या मरीन आणि भूदलाच्या माणसांची एकत्रित संख्या दोन हजारांहून कमी. त्या नाविकांना थडगे नाही, त्यामुळे छायाचित्रही नाही.

मॅडमनी सायपानच्या वादाचे जे कारण दिले त्याला मी एक पुरवणी जोडतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये याच २७ व्या डिव्हिजनच्या एका रेजिमेंटने माकिन बेट घेतले. शत्रूची शिबंदी लहान होती, तरी बेट ताब्यात यायला २३ तारीख उजाडली. आरमार तोवर तिथेच घोटाळत राहिले, आणि २४ तारखेला जपानी पाणबुडीने लिस्कम बे ही विमानवाहू नौका फोडली. ६४४ माणसे गेली. हॉलंड स्मिथ यांच्या डोक्यात सायपानला उतरताना हा हिशेब होता. दुसरीकडे त्याच आठवड्यात मरीनांनी तारावा हे बेट ७६ तासांत घेतले आणि त्यात त्यांची हजाराच्या आसपास माणसे गेली. घाईत माणसे किनाऱ्यावर मरतात आणि सावकाशीत जहाजावर. मॅडम दोघांनाही सारखे माप लावतात, मी लावत नाही. जहाजावर राहिलेल्या माणसाला संथपणाची भीती अधिक वाटते, आणि ती वाजवी आहे.

आपल्याकडे स्वतंत्र मरीन कोअर नाही. नौदलाचे मार्कोस हे १९८७ मध्ये उभे राहिलेले कमांडो दल आहे, आणि किनाऱ्यावर उतरण्याचे काम भूदलाच्या तिरुवनंतपुरम येथील ९१ व्या इन्फन्ट्री ब्रिगेडकडे आहे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात आजच्या बांगलादेशातील कॉक्स बाजारला गुरखा जवान उतरवताना किनाऱ्याचा उतार आणि पाण्याची खोली नीट ठाऊक नव्हती, काही जवान बुडाले. समुद्रातून उतरणे ही वेगळी विद्या आहे, एवढे मरीनांचे म्हणणे मला मान्य आहे.

करवीर_वाचक (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांचे खेळाडू सामन्यानंतर हात मिळवतात आणि समर्थक मात्र आठवडाभर भांडतात, तसेच काहीसे हे प्रकरण असावे अशी माझी समजूत होती. ती सायपानपुढे टिकत नाही, कारण तिथे भांडण सेनापतींचेच होते.

आणखी एक शंका. बॅसिलोनला पदक मिळाल्यावर युद्धरोखे विकण्यासाठी देशभर फिरवले गेले. मरीन कोअरने स्वतःच्या प्रसिद्धीसाठी त्याला वापरले, असे म्हणणे योग्य होईल का? आणि भूदलाचे पदक आणि नौदलाचे पदक वेगळे असते का?

इतिहास_शिक्षिका (राजारामपुरी)

आधी दुसरा प्रश्न. मेडल ऑफ ऑनर भूदलाचे वेगळे आणि नौदलाचे वेगळे असते; मरीनांना नौदलाचे मिळते. पहिल्या महायुद्धात मात्र मरीन ब्रिगेड भूदलाच्या डिव्हिजनमध्ये असल्यामुळे पाच मरीनांना एकाच पराक्रमासाठी दोन्ही दलांची पदके दिली गेली. दोन्ही दलांनी एकाच माणसावर हक्क सांगितल्याचा याहून ठळक पुरावा मिळणार नाही.

बॅसिलोनला वापरले गेले हे खरेच, पण वापरणारे एकटे मरीन कोअर नव्हते. रोखे सरकारचे होते आणि सभांना चित्रपट कलाकारही असत. सप्टेंबर १९४३ मध्ये रॅरिटनमध्ये त्याची मोठी मिरवणूक निघाली. त्याला अधिकारीपद देऊ केले गेले, प्रशिक्षक म्हणून मायदेशी राहण्याची सोय होती. त्याने दोन्ही नाकारून पुन्हा पलटणीत जाण्याची परवानगी मागितली आणि अखेर ती मिळवली. जुलै १९४४ मध्ये त्याने लीना रिगी या मरीन सार्जंटशी लग्न केले, पुढे काही महिन्यांतच तो इवो जिमाकडे निघाला. प्रसिद्धीचा उपयोग दलाला झाला, त्याला स्वतःला ती नको होती, असे मी म्हणेन.

आणि आपण विचारले नाही तरी पुढचा भाग सांगते. व्हँडग्रिफ्ट यांना १९४६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे जाऊन मरीन कोअर टिकवण्यासाठी बाजू मांडावी लागली. १९५० मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी एका पत्रात मरीनांना नौदलाचे पोलीस म्हटले आणि त्यांच्या प्रचारयंत्रणेची तुलना स्टालिनच्या यंत्रणेशी केली. पत्र बाहेर फुटल्यावर त्यांना माफी मागावी लागली. ट्रूमन स्वतः पहिल्या महायुद्धात भूदलाच्या तोफखान्यात कॅप्टन होते, हे लक्षात असू द्यावे. १९५२ मध्ये कायद्यानेच तीन मरीन डिव्हिजन आणि तीन हवाई विंग पक्क्या झाल्या.

सुभेदार_निवृत्त (गडहिंग्लज)

दर्यावर्दी साहेबांचे म्हणणे मान्य, पण किनाऱ्यावर पालथे पडून पुढे सरकणाऱ्या पायदळालाही कधी विचारावे.

वाचक साहेब, एक सूचना. व्याख्यानात ओकिनावा या जपानी बेटाची लढाई शक्य असल्यास दोन मिनिटे घ्यावे. ज्या बकनर यांनी सायपानची चौकशी केली, तेच तिथे दहाव्या आर्मीचे प्रमुख होते आणि १८ जून १९४५ रोजी तोफगोळ्याने मारले गेले. त्यानंतर भूदलाचे जनरल स्टिलवेल येईपर्यंत काही दिवस त्या संपूर्ण आर्मीची कमान रॉय गायगर या मरीन जनरलकडे होती. त्यांच्या हाताखाली भूदलाच्या डिव्हिजनही लढत होत्या आणि कोणाची तक्रार ऐकिवात नाही.

व्याख्यानाची तारीख आणि वेळ इथे कळवावी. आमच्याकडून तिघे-चौघे माजी सैनिक येऊ इच्छितात, आणि मशीनगनविषयी मुलांनी काही विचारले तर फळ्यावर आकृती काढून दाखवता येईल.